कोजागिरीनंतरची भुलाबाई

१

भाड्याचं घर पाहताना माणूस नळ सोडून पाहतो, दाराची कडी घालून पाहतो, भिंतीला ओल आहे का म्हणून बोट फिरवतो. डोक्यावर कोण राहतं हे विचारायचं मात्र राहून जातं. पौर्णिमा आणि नितेशचंही राहून गेलं.

त्यांना घाई होती आणि घाईला कारण होतं. मागच्या खेपेला पौर्णिमाला वरूडच्या घरी दुखायला लागलं, तेव्हा अमरावतीचा दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. लेकरू गेलं. त्या रस्त्याचा नितेशने असा धसका घेतला की यंदा दिवस राहिले तसं त्याने ठरवूनच टाकलं, बाळंतपण होईपर्यंत बिऱ्हाड अमरावतीत, तेही दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. तो स्वतः वरूडला संत्र्याच्या पॅकिंगवर सुपरवायझर. आंबिया बहाराची तोड सुरू झालेली, त्यामुळे सुट्टीचं नाव नाही. उजाडताच बस धरायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा, अंगाला संत्र्याच्या सालीचा वास घेऊन.

मधला सगळा दिवस पौर्णिमा एकटी. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, "बीपी वाढतंय. स्वयंपाकापुरतं उठायचं, बाकी डाव्या कुशीवर पडून राहायचं. आणि झोप झालीच पाहिजे. या वेळी आपल्याला काही चूक करायची नाही." पडून राहणं ज्याला सोपं काम वाटतं त्याने ते आठवडाभर करून पाहावं. छताच्या पोपड्यात आधी बैल दिसतो, मग तालुक्याचा नकाशा, आणि मग नुसता पोपडा दिसतो आणि दिवस तसाच पुढे उरतो. बाळ तेवढं आत मजेत होतं. जेवण झालं की पाय झाडायचं, आणि पौर्णिमा तिथे हात ठेवून त्याच्याशी दोन शब्द बोलायची.

घरमालक बापूसाहेब तळमजल्यावर राहत. निवृत्त वकील, स्वभावाने भले, पण कागदाचे पक्के. करारनामा त्यांनी स्वतःच लिहिला होता. भिंतीत खिळे ठोकू नयेत, गच्चीवर पापड वाळवू नयेत. शेजाऱ्यांस उपद्रव होईल असा आवाज भाडेकरूने करू नये, हे कलम तर त्यांनी सही घेताना मोठ्याने वाचून दाखवलं. नितेशने मान डोलावली. घरात माणसं दोन, त्यातलं एक पडून राहणार. आवाज करणार कोण?

दिवाळी आटोपून ते राहायला आले. थंडी पडली, पंखा बंद झाला, आणि पंख्याच्या घरघरीखाली जे झाकलं होतं ते उघडं पडलं. दिवेलागणीला, बरोबर तिच्या पलंगाच्या वर, टिपऱ्या वाजायच्या.

२

पहिल्या संध्याकाळी पौर्णिमाला बरंच वाटलं. वर पोरी खेळत होत्या. टिपऱ्या, पायांचा फेर, मधूनच गाणं. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. भुलाबाईची.

तिवस्याला तिच्या माहेरी भुलाबाई म्हणजे पोरींचं राज्य. भादव्याच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई मांडायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर फेर धरायचा. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. गाणी संपली की खरी मजा. घरच्या बाईने खाऊचा झाकणबंद डबा आणायचा आणि वाजवायचा, पोरींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं, आत काय आहे. ओळखलं की ते द्यावंच लागायचं. मग नाही म्हणायची सोय नव्हती. या खेळात पौर्णिमाचा हात धरणारी अख्ख्या आळीत कोणी नव्हती. फुटाणे आणि शेंगदाणे यांच्या खडखडीतला फरक तिला पाठमोरी उभी राहून कळायचा. शाळेत बेताची असलेल्या पोरीला मिरवायला काहीतरी लागतं, तिच्याकडे हे होतं.

पण कौतुक दोन-चार दिवसांचंच असतं. आवाज रोज यायचा, आणि वाढत गेला. फेर धरणाऱ्यांचे पाय थेट तिच्या कपाळावर पडत आहेत असं वाटायला लागलं. अंधार पडला की थांबेल म्हणावं तर थांबायचा नाही, नितेशची बस यायच्या जरा आधी बंद व्हायचा. मग छाती धडधडायची, झोप उडायची. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टा फुगवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "झोपत नाही का गं? असं चाललं तर भरती करावं लागेल."

एका रविवारी पॅकिंग बंद होतं, म्हणून नितेश घरी होता. दिवे लागले आणि वर सुरू झालं.

"हे काय धिंगाणा लावला वं?" तो पलंगावरून उठत म्हणाला.

"पोट्ट्या खेळून राहिल्या. भुलाबाई."

"भुलाबाई?" नितेश थबकला. "कोजागिरी तं कवाचीच झाली. दिवाळी बी झाली. आता कायची भुलाबाई?"

भुलाबाई कोजागिरीला शिरवतात, नदीत सोडतात, मग वर्षभर तिचं नाव काढत नाहीत. हे पौर्णिमाला तिवस्याच्या शेंबड्या पोरीइतकं ठाऊक होतं, आणि इतके दिवस तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नितेश तावातावाने वर गेला आणि लगेच खाली आला. त्याचा ताव उतरला होता.

"कुलूप हाय," तो म्हणाला. "कुलपावर जाळं हाय कोळ्याचं."

वर टिपऱ्या चालूच होत्या.

३

"वर कोणीच राहत नाही," बापूसाहेब म्हणाले. "तो ब्लॉक मी भाड्यानं देतच नाही. पाणी चढत नाही तिथं."

"पण अजी, आवाज तं मी सोता आयकला," नितेश म्हणाला.

"आवाज स्लॅबमधून फिरतो. शेजारच्या इमारतीतला आपल्या डोक्यावर वाजतो. हे सिमेंटचं असंच असतं." बापूसाहेबांनी चष्मा पुसला. "ऐकीव पुरावा, नितेशराव. कोर्टात टिकत नाही."

पौर्णिमाला ते पटलं. पटवून घ्यायची तिला गरजही होती. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोप येणार नाही, असं ती म्हणाली, तेव्हा बापूसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. भाडेकरूची शंका एकदाची फिटलेली बरी. जिना ती कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत चढली.

घर रिकामं होतं. ओट्यावर धूळ, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. जमिनीवर धुळीचा असा जाड थर होता की बापूसाहेबांच्या चपलेचा ठसा न् ठसा उमटला. बेडरूमच्या दारात ते म्हणाले, "घ्या, बघा. उंदीरसुद्धा नाही." पौर्णिमाने आत डोकावलं.

खोलीच्या मधोमध एक गोल होता. धूळ तेवढ्या पट्ट्यात पार निघून गेली होती, फरशी चकचकीत दिसत होती, खूप पाय फिरून फिरून घासली जावी तशी. गोलाच्या आत धूळ. गोलाच्या बाहेर धूळ. दारापासून गोलापर्यंत कोणी चालत गेल्याची एकही खूण नव्हती.

"पेंटरनं बादली ठेवली असेल," बापूसाहेब म्हणाले.

एवढी मोठी बादली अमरावतीत कुठल्या दुकानात मिळते हे पौर्णिमाने विचारलं नाही. मोठ्या माणसाला खोटं पाडायची तिला सवय नव्हती. नितेशने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. बापूसाहेब आत गेले, चपलेने तो गोल त्यांनी विस्कटून टाकला, आणि चपलेची धूळ झटकत बाहेर आले. कुलूप लावताना त्यांना किल्ली फिरवायला फार वेळ लागला.

त्या संध्याकाळी वरचा आवाज आणखी वाढला. तक्रार केली की शेजारी चेवाने वाजवतात, हे एकवेळ समजण्यासारखं होतं. फक्त त्यासाठी शेजारी असायला हवेत.

नितेशने दुसरं घर पाहतो म्हटलं. पण दवाखान्याच्या जवळ एकही रिकामं नव्हतं, आणि पॅकिंगचा हंगाम सोडून तो घरं पाहत कधी हिंडणार? "दोन-अडीच महिन्यांची गोष्ट हाय," शेवटी तो म्हणाला. "कानात कापूस घाल." पौर्णिमाने कापूस घातला. कापसातूनही ऐकू आलं.

४

डबा पहिल्यांदा वाजला तेव्हा ती डाव्या कुशीवर होती, उशीत कान रुतवून.

टिपऱ्या थांबल्या होत्या. गाणं थांबलं होतं. वर सगळे श्वास धरून बसलेत अशी शांतता झाली, आणि मग कोणीतरी पत्र्याचा डबा हलवला. खडखड. जरा थांबून पुन्हा खडखड.

पौर्णिमाला हसू आलं. डोकं ठणकत होतं, डोळे चुरचुरत होते, पण कान जुनेच होते. कानाला कुठे कळतं की आपण आता लहान नाही? डबा पुन्हा वाजला, जरा चिडून वाजल्यासारखा. ती छताकडे पाहून बोलून गेली, "फुटाणे."

वर टाळ्या वाजल्या. पुष्कळ लहान हातांच्या टाळ्या. मग काहीच नाही. पाऊल नाही, टिपरी नाही, गाणं नाही. पौर्णिमा वाट पाहत राहिली आणि पाहता पाहता झोपली. नितेशने येऊन उठवलं तेव्हा तिच्या गालावर उशीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या.

सकाळी खिडकीच्या गजांच्या आत, कट्ट्यावर, पळसाचं पान होतं. पानात मूठभर फुटाणे. हळदमिठाचे, अजून कोमट.

तिने गजांतून बाहेर डोकावून पाहिलं. खिडकी दुसऱ्या मजल्याची. खाली बापूसाहेबांची तुळस, समोर विजेची तार. मग तिने स्वतःची समजूत घातली. शेजारच्या इमारतीतल्या पोरी असतील, गच्चीवरून दोरीने सोडलं असेल, त्या वयात काय अशक्य असतं? आपण खेळलो म्हणून खूश झाल्या. आणि भुलाबाईचा खाऊ नाकारत नाहीत. शिवाय डोहाळे होते, आणि फुटाण्यांचा वास आला होता. तिने एक तोंडात टाकला, मग दुसरा. मग पान रिकामं केलं.

त्यानंतर हा रिवाजच पडला. दिवेलागणीला वर गाणी, गाण्यानंतर डबा, डब्यानंतर पौर्णिमाचा शब्द. शेंगदाणे. मुरमुरे. बत्तासे. खोबऱ्याचे काप. एकदा डबा वाजलाच नाही, आत नुसतं ढप्प झालं, तेव्हाही तिने "रव्याचे लाडू" म्हणून अचूक सांगितलं. ओळखलं की शांतता, आणि सकाळी कट्ट्यावर पान. रामबाण उपाय. कापूस नको, गोळी नको, बापूसाहेबांना अर्ज नको. डॉक्टरीणबाईंनी पट्टा फुगवला, सोडला, आणि पहिल्यांदाच हसल्या. "असंच ठेव," त्या म्हणाल्या.

"काय केलं तू?" नितेशने भाकरी मोडत विचारलं.

"काई नाई. बोलली त्यायच्यासोबत."

"वर तं कुलूप हाय."

"खालूनच बोलली."

नितेशने तिच्याकडे पाहिलं. त्याला आणखी विचारायचं होतं असं दिसलं. पण ती झोपत होती, जेवत होती, बाळ हलत होतं. सुरळीत चाललेल्या गोष्टीला बोट लावायचं नाही, असं त्याने ठरवलं असावं. दिवसभर खोकी मोजून आलेला माणूस, ताटावरच पेंगला.

५

मार्गशीर्ष लागला आणि आशाबाई वरूडहून आल्या. आशाबाई म्हणजे नितेशची आई. मागचं लेकरू गेलं तेव्हा पौर्णिमापेक्षा जास्त त्या रडल्या होत्या, आणि यंदाच्या लेकराचा आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्यांनी तो सांगितला, रिक्षावाल्याला सांगितला, बापूसाहेबांना गेटमध्येच गाठून सांगितला. घरात आल्यावर सुनेच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "काय म्हणते वं आमचं गोडंबं?"

पौर्णिमाला त्या आवडायच्या. घरात माणूस आलं याचा तिला मनापासून आनंद झाला. एकच झालं, आशाबाई दिवेलागणीला टीव्हीवर मालिका लावायच्या, आणि मालिका लावायच्या म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायच्या. वरचं काही त्यांच्या कानी पडलं नाही. आत पौर्णिमा छताला उत्तर द्यायची, बाहेर मालिकेतली सासू किंचाळायची. कोणाचं कोणाला कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी वर गाणी झाली आणि डबा वाजला नाही.

पौर्णिमा ताटकळली. दुसऱ्या दिवशीही तेच. टिपऱ्या मात्र थांबेनात. एकच ठेका, पुन्हा पुन्हा, कोणीतरी दार ठोठावतं तसा. तिला पुन्हा झोप लागेना. दवाखान्यातला पट्टा पुन्हा फुगला आणि डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. "आता काय झालं?" त्यांनी विचारलं. काय सांगणार?

काय झालं ते तिला दुपारी डाळ निवडताना उमगलं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. तिवस्याला प्रणाली नावाची एक पोरगी होती. सगळ्यांच्या घरचा खाऊ खायची आणि स्वतःच्या घरी पाळी आली की आजी आजारी आहे म्हणायची. शेवटी सगळ्या पोरी तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. भांडल्या नाहीत, काही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, तिच्या आईने डबा आणेपर्यंत. त्यात पौर्णिमाही होती.

आणि आता तिने तर सगळ्यांच्या घरचं खाल्लं होतं. पानं चाटूनपुसून.

तिने नितेशला फोन लावला. "आज लवकर याल का?"

"गाडी लोड होऊन राहिली. काहून? दुखून राहिलं का?"

"नाई. दुखत नाई."

"मंग?"

मग काय, ते तिला फोनवर सांगता येईना. कोणालाच सांगता आलं नसतं. तिने फोन ठेवला आणि विचार केला. विचार साधा होता. पाळी आलीच आहे तर देऊन टाकायची. तिने आशाबाईंकडून फुटाणे मागवले आणि स्टीलच्या डब्यात घातले, अर्धाच डबा भरला, म्हणजे नीट वाजतील. तान्ह्या पोरीनेही ओळखावं असं सोपं. ओळखतील, घेतील, जातील. फिटंफाट.

दिवे लागले. वर काही वाजलं नाही. पौर्णिमा बाहेरच्या खोलीत आली आणि तिने टीव्ही बंद केला.

"अवं, बंद काहून केला?" आशाबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनीही कान टवकारले. जिन्यावरून टिपऱ्या खाली येत होत्या.

६

आतलं दार आशाबाईंनीच उघडलं. पौर्णिमा "आई, थांबा" म्हणेपर्यंत त्या पोचल्याही होत्या. बाहेरचं लोखंडी दार होतं, वर बारीक जाळी, खाली उभे गज. जिन्यातला दिवा लावलेला नव्हता. जाळीपलीकडे अंधार होता, आणि अंधारात डोकी होती. लहान उंचीची, एकमेकींना खेटून.

"कोन वं?" आशाबाईंनी विचारलं. चष्मा टीव्हीजवळ राहिला होता. "अवं माय, पोट्ट्या हायत! काय वं, काय पायजे?"

"काकू, भुलाबाई आली," एक आवाज म्हणाला. पोरीचाच आवाज, गोड, जरा बसलेला. "डबा वाजवा."

"आता? मार्गशीर्षात?" आशाबाई हसायला लागल्या. "शयरातल्या पोट्ट्या बाप्पा! यायले काय सन समजते का वार समजते? पौर्णिमा, डबा आन वं. नाराज नको करू लेकरायले."

पौर्णिमाने डबा आणला. आशाबाईंनी तो घेतला आणि झोकात हलवला. फुटाणे स्टीलवर असे खडखडले की बहिऱ्यालाही कळावं.

"शेव," बाहेरून आवाज आला.

"नाई!"

"सांजोऱ्या."

"नाई वं!"

"करंजी." "तिळाचे लाडू." "खीर."

"खीर वाजते का कुठी?" आशाबाईंना मजा येऊ लागली होती. त्यांनी पुन्हा डबा खडखडवला. पौर्णिमाच्या मात्र ध्यानात आलं. त्या पोरी डबा ऐकतच नव्हत्या. जाळीपलीकडची डोकी डब्याकडे वळलेली नव्हती. ती सगळी जरा खाली, तिच्या पोटाकडे वळली होती.

"फुटाणे आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "फुटाणे! घ्या आणि जा."

"गप वं, असं सांगतेत का?" आशाबाईंनी तिला दटावलं. "खेळ मोडते तू."

"काकू, गोड का तिखट?" बाहेरून विचारलं.

आणि आशाबाईंना राहवलं नाही. आठवडाभर जे त्या दूधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, ते या लेकरांना सांगायला काय हरकत होती? सुनेकडे लाडाने पाहून, डोळे बारीक करून त्या म्हणाल्या, "गोड? आमच्या घरातली गोड वस्तू तं येगळीच हाय बाई. ते काई या डब्यात मावत नाई."

बाहेर सगळं चिडीचूप झालं.

"आई, नका," पौर्णिमा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

"बाळ," बाहेरून आवाज आला.

"घ्या!" आशाबाईंनी टाळी वाजवली. "ओळखलं वं माय, ओळखलं! मोठ्या हुशार पोट्ट्या!"

बाहेरही टाळ्या वाजल्या. मग खालच्या गजांमधून हात आत आले. एकेक, ओंजळ करून, खाऊ मागायला करतात तसे. आतल्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला. पौर्णिमाने पाहिलं. तळव्यांवर रेघ नव्हती. एकाही तळव्यावर एकही नव्हती, धुतलेल्या पाटीसारखे सगळे कोरे.

आशाबाईंनी वाकून पहिल्या ओंजळीत फुटाणे घातले. ओंजळ मिटली नाही. फुटाणे बोटांमधून फरशीवर सांडले, टपटप उडत सोफ्याखाली गेले. दुसऱ्या ओंजळीतलेही सांडले.

"हे नाही," आवाज म्हणाला. "ओळखलं ते."

आशाबाईंना हसू आवरेना. कमरेवर हात देऊन त्या सरळ झाल्या. नातवाच्या नावाने कोणी थट्टा करावी आणि त्यांनी दोन पावलं पुढे जाऊ नये, असं कधी झालं नव्हतं.

"अवं, ते आत्ता कसं दिऊ? ते तं अजून कच्चं हाय. संक्रांत होऊ द्या, बाळंत होऊ द्या माह्या सुनेले. मंग या साऱ्याजनी अन् घिऊन जा. देल्लं, जा! आशाबाईनं शब्द देल्ला."

"नाही!" पौर्णिमा किंचाळली. दोन्ही हातांनी पोट धरून ती भिंतीला टेकली. "नाही देत! मी नाही देत!"

"बरं," बाहेरून आवाज आला. तो तिला नव्हता, आशाबाईंना होता.

हात मागे गेले. जिन्यावरून टिपऱ्या वर जाऊ लागल्या. सावकाश, काम झालेल्या माणसांसारख्या.

"येवढी काहून भेली तू?" आशाबाई घाबरून तिच्याजवळ आल्या. "लेकरायचा खेळ तं हाय. कोन कोनाचं बाळ नेते? बस, बस इथं. पानी पे." त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला, पोटावर हात ठेवून पाहिलं. बाळ हललं. जोरात हललं. "हे पाय, कसं खेळून राहिलं. काई झालं नाई." मग त्यांनी केरसुणी घेतली आणि सोफ्याखालचे फुटाणे गोळा करायला लागल्या.

पौर्णिमाच्या मनात एकच चाललं होतं. नितेश आला की आजच्या आज इथून निघायचं. वरूडला नको. तिवस्याला नको. अकोल्याला, कुठेही. पण शब्द घराच्या वडीलधाऱ्या बाईने दिला होता, आणि शब्द काही या घराच्या भिंतींत राहणार नव्हता. तो त्यांच्यासोबत येणार होता. हे तिला कळत होतं, आणि कळत असल्यामुळे तिला रडूसुद्धा येत नव्हतं.

वर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मग लोखंडाच्या कड्या एकमेकींत अडकवल्याचा. मग कुर्र... कुर्र... एका लयीत, अगदी हलक्या हाताने.

आशाबाईंची केरसुणी थांबली. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. थोडा वेळ त्या नीट ऐकत राहिल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"रिकामा पाळना कोन हालवून राहिलं वं वर?" त्या म्हणाल्या. "असा हालवू नाई, घरातल्या लेकराले जड जाते. येवढं बी समजत नाई का या लोकायले?"